रोटर-संरेखन, प्रारंभिक

मोटर सुरू होण्याआधी तिचा रोटर ज्ञात कोनात आणून थांबवण्याची क्रिया.

थांबलेली समकालिक मोटर विरोधी विद्युत्‌दाब निर्माण करत नाही; संवेदक नसल्यास रोटरचे ध्रुव कुठे आहेत हे नियंत्रकाला कळत नाही. प्रवाहस्रोत इन्व्हर्टरमध्ये (पहा : इन्व्हर्टर) हाच दाब थायरिस्टर स्विच बंद करण्याच्या कामी येत असल्याने अडचण दुहेरी होते. फ्रान्सच्या टीजीव्ही अटलांटिक (1989) गाडीतील अशा इन्व्हर्टरांना संथ वेगासाठी वेगळा साहाय्यक परिपथ लागे.

संरेखनात इन्व्हर्टरचा वरचा एक व खालचा एक स्विच चालू ठेवतात. एकदिश प्रवाह दोन फेजांतून वाहतो, स्टेटरचे क्षेत्र सहांपैकी एका दिशेला स्थिर होते आणि रोटर तिकडे वळतो. प्रवाहस्रोत इन्व्हर्टरला मालिकेत जोडलेले मोठे प्रेरक वेटोळे प्रवाहाला एकदम उसळू देत नाही, म्हणून तो हळूहळू वाढवता येतो व रोटरची आंदोलने आवरतात. रोटर नेमका 180 विद्युत् अंश उलटा असल्यास बलाघूर्ण शून्य; तो हलतच नाही. यासाठी स्विचांची जोडी बदलून क्रिया पुन्हा करतात. चार ध्रुवांच्या मोटरीत 180 विद्युत् अंश म्हणजे दांड्याचे 90 अंश.

यात रोटर क्षणभर उलटा फिरू शकतो. पंपाला ते सहसा चालते, उद्वाहकाला नाही.

ब्रशविरहित मोटरीच्या सौरपंपांत इन्व्हर्टर बहुधा दाबस्रोत प्रकारचा असतो; संरेखनाचे तत्त्व तेच (पहा : सौरपंप).