धन्यावांचून मासे धरणारीं जाळीं

कापसाच्या किंवा तागाच्या सुताचें जाळें हें पूर्वीं मोठें जपण्याजोगें धन असे. खाऱ्या पाण्यांत तें कुजूं नये म्हणून कोळी लोक तें झाडांच्या सालींच्या काढ्यांत बुडवीत आणि वारंवार उन्हांत वाळवीत. युरोपच्या किनाऱ्यावरही हीच रीत होती. वादळांत असें जाळें तुटून गेलें, तर नुकसान कोळ्याचें होई. समुद्राचें फारसें होत नसे. कांहीं काळानें सूत कुजे आणि जाळ्याची पकड आपोआप सुटे.

१९३५ सालीं अमेरिकेंत वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत नायलॉन जन्मास आलें. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचीं जाळीं देशोदेशीं पसरलीं. तीं हलकीं, बळकट आणि न कुजणारीं होतीं. कोळ्यास वरदान ठरलेला हाच गुण पुढें समुद्रास शाप झाला. तळाशीं राहिलेलें नायलॉनचें जाळें धन्यावांचून मासे धरीतच राहतें. मेलेल्या माशांवर खेकडे येतात आणि तेही त्यांतच गुरफटतात. खाणारा कोणी नाहीं, पण शिकार चालूच!

हें संकट ओळखून सरकारी पातळीवर पावलें उचलणाऱ्या पहिल्या देशांत नॉर्वेची गणना होते. १९८३ पासून तेथील मत्स्यव्यवसाय संचालनालय हरवलेलीं जाळीं काढण्यासाठीं दरवर्षीं जहाज धाडीत आलें आहे. शेंकडों मीटर खोलीवर पाणबुड्याचें काम नव्हे. म्हणून लोखंडी आंकडे तळावरून ओढीत नेतात. या रीतीनें आजवर वीस हजारांहून अधिक जाळीं वर आलीं.

परंतु अफाट समुद्रांत आंकडा टाकावा कोठें? याचें उत्तर बहुधा जाळें गमावणाऱ्या कोळ्यापाशींच असतें. म्हणून हरवलेलें जाळें शोधणें, आणि न सांपडल्यास त्याचें ठिकाण कळविणें, हें नॉर्वेंत बंधनकारक आहे.

३१ डिसेंबर १९८८ पासून अंमलांत आलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनीं प्लॅस्टिकचीं जाळीं समुद्रांत टाकण्यास बंदी केली. मात्र योग्य काळजी घेऊनही अपघातानें गेलेलें जाळें त्यांतून वगळलें. हा भेद महत्त्वाचा आहे. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यानें २००२ पासून हरवलेल्या जाळ्याची खबर देणाऱ्यास दंड न करण्याचें धोरण स्वीकारलें, तें याच विचारानें. कारण उघड आहे. दंडाच्या भयानें कोळी गप्प बसला, तर जाळें तळाशींच राहतें. आणि न कुजणाऱ्या सुतास घाई कसलीच नसते.