नमुना, नाव आणि उल्लेख
भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे केंद्राची वाटचाल, भंडाऱ्यातून पाहिलेली

१९५५ सालच्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या 'सायन्स' साप्ताहिकात यूजीन गारफिल्ड यांचा एक लेख आला. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख पुढे कोणी कोणी केला याची सूची तयार केली, तर एका विचाराचा प्रवास शोधता येईल, असे त्यांनी त्यात मांडले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र सुरू झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. आज मात्र भंडारा, तुमसर, साकोली, पवनीच्या कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाचे आयुष्य या दोन्हींच्या मध्ये येते. बोडीच्या काठावर उगवलेल्या वनस्पतीचे खात्रीचे नाव हवे असेल, तर त्याला पुण्याच्या केंद्राने केलेल्या कामाकडे जावे लागते. बढती हवी असेल, तर गारफिल्ड यांच्या कल्पनेतून निघालेल्या आकड्यांकडे.

पुण्याच्या केंद्राची गोष्ट खरे तर १९५५ च्या बरीच आधी सुरू होते. कलकत्त्यात १३ फेब्रुवारी १८९० रोजी सर्वेक्षण संस्था स्थापन झाली, तेव्हा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य थिओडोर कुक होते. मूळचे रेल्वेतले अभियंते, पण वनस्पतींचे वेड मोठे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाटात, कोकणात, दख्खनच्या पठारावर फिरून नमुने जमवले. या नमुन्यांवरच्या चिठ्ठ्यांवर कुक आणि वुड्रो यांच्याबरोबर कानिटकर आणि भिवा हीही नावे आहेत. निवृत्तीनंतर कुक यांनी इंग्लंडमधल्या क्यू उद्यानात बसून 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' लिहिला. फ्लोरा म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींची वर्णनासह नोंद. १९०१ ते १९०८ या काळात तो प्रसिद्ध झाला. आजही महाराष्ट्रातला वनस्पतींचा अभ्यासक या ग्रंथाला टाळून पुढे जाऊ शकत नाही.

या ग्रंथात भंडारा नाही. ग्रंथ मुंबई इलाख्याचा आणि आपण तेव्हा मध्य प्रांतात. वैनगंगेच्या खोऱ्याची नोंद वेगळ्या कागदांत विखुरलेली राहिली. आर. जे. डी. ग्रॅहम यांनी मध्य प्रांतातल्या धानाच्या वर्गीकरणावर १९१३ साली एक टिपण प्रसिद्ध केले. हेन्स आणि विट या वनाधिकाऱ्यांनी मध्य प्रांताच्या वनविभागांतली झाडेझुडपे, वेली आणि उपयोगी वनस्पतींच्या याद्या १९१६ साली छापल्या. याद्या म्हणून त्या चोख आहेत. पण जंगलखात्याची नजर लाकडावर आणि उपजावर असते. तलावातले पाणगवत, बांधीच्या धुऱ्यावरचे तण, पावसाळ्यात दीड महिना जगून जाणारी वनस्पती यांना अशा यादीत जागा कमीच. आपला जिल्हा धानाचा आणि तलावांचा. त्यामुळे जे आपल्याकडे सर्वांत जास्त होते, त्याचीच नोंद सर्वांत कमी झाली.

पुढे सर्वेक्षण संस्थाच क्षीण होत गेली. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली तिची पुनर्रचना झाली आणि विभागीय केंद्रे उघडण्याचे ठरले. पुण्याचे केंद्र उघडले तेव्हा भंडारा अजून मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. कुक यांचा वारसा सांगणाऱ्या केंद्राच्या वाट्याला अशा रीतीने कुक यांनी न पाहिलेला मुलूखही आला.

केंद्राचे पहिले काम जुने सांभाळण्याचे होते. कुक यांच्या काळातले नमुने केंद्राच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, आले. कुक यांचा ग्रंथ दुर्मीळ झाला होता. संस्थेने तो १९५८ साली पुन्हा छापला. माझ्या मते गेल्या शतकातला, महाराष्ट्राच्या वनस्पतिशास्त्रावर सर्वांत मोठा परिणाम करणारा प्रकाशन-निर्णय हाच. त्यात नवे संशोधन एका ओळीचेही नव्हते. पण या पुनर्मुद्रणामुळे साध्या कॉलेजच्या ग्रंथालयातही कुक पोहोचला आणि पुढच्या दोन पिढ्या त्याच्यावर शिकल्या. १९५९ पासून संस्थेची स्वतःची पत्रिकाही निघू लागली. तीच आज 'नेलुम्बो' या नावाने चालते. नेलुम्बो म्हणजे आपल्या तलावातले कमळ. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर सांतापाव त्या काळात संस्थेच्या नेतृत्वात होते. खंडाळ्याचा आणि पुरंदरचा फ्लोरा लिहिणाऱ्या या माणसाने एक छोटा प्रदेश घेऊन तो ऋतूमागून ऋतू पुरता पालथा घालण्याची शिस्त लावून दिली.

हे काम कसे चालते, ते सांगितल्याशिवाय त्याची किंमत कळणार नाही. वनस्पती फुलावर किंवा फळावर असताना गोळा करायची. कागदांच्या घडीत दाबून वाळवायची आणि ओलसर हवेत रोज कागद बदलायचे. मग जाड कागदावर चिकटवून चिठ्ठी लिहायची: गाव, तारीख, जमीन कशी, फुलाचा रंग कोणता, स्थानिक नाव काय, गोळा करणारा कोण, त्याचा क्रमांक किती. रंग लगेच लिहिला नाही, तर वाळल्यावर तो कोणालाच सांगता येत नाही. पाणवनस्पतींचे तर फार हाल. पाण्याबाहेर काढली की पाने एकमेकांना चिकटतात, म्हणून कागद पाण्याखाली सरकवून त्यावर वनस्पती तरंगत बसवावी लागते. एवढे करून ओळख पटवायला कधी महिना लागतो, कधी काही वर्षे. पुण्याच्या केंद्रात असे दीड लाखाहून अधिक नमुने आहेत. त्यातल्या प्रत्येकामागे कोणी तरी चिखलात उतरलेले आहे.

नाव बदलले तरी नमुना राहतो, ही या कामाची खरी ताकद. आपल्याकडे ज्या ऐनाच्या झाडावर कोशाच्या अळ्या पाळतात, त्याला कुक यांच्या ग्रंथात टर्मिनालिया टोमेंटोसा म्हटले आहे. आज टर्मिनालिया इलिप्टिका म्हणतात. उद्या जनुकीय अभ्यासातून आणखी काही ठरेल. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या फांदीवरची चिठ्ठी मात्र तशीच राहील आणि कोणीही ती पुन्हा तपासू शकेल.

केंद्रातून आणि केंद्राच्या माणसांकडून जिल्हावार फ्लोरा येत गेले: नाशिक १९९१, रायगड आणि यवतमाळ १९९३. मल्होत्रा आणि मूर्ती यांचा ताडोबाचा फ्लोरा १९९२ चा. केंद्राबाहेरही काम चालू होते. नागपूर जिल्ह्याचा उगेमुगे यांचा फ्लोरा १९८६ साली आला, मराठवाड्याचा नाईक यांचा १९९८ साली. मग राज्याचा 'फ्लोरा ऑफ महाराष्ट्र स्टेट' आला. त्यातला एकदल वनस्पतींचा खंड शर्मा, कार्तिकेयन आणि सिंह यांच्या संपादनाखाली १९९६ साली निघाला, द्विदल वनस्पतींचे दोन खंड २००० आणि २००१ साली. केंद्र उघडल्यापासून पहिला खंड हाती यायला ४० वर्षे लागली. कुक यांचा मुलूख आणि मध्य प्रांताचा मुलूख राज्याच्या फ्लोरात एकत्र आले. घाटातली आणि वैनगंगेकाठची वनस्पती एकाच राज्याची म्हणून शेजारी-शेजारी नोंदली गेली.

आता उल्लेखांच्या हिशेबाकडे येऊ. गारफिल्ड यांच्या कल्पनेतून १९६० च्या दशकात 'सायन्स सायटेशन इंडेक्स' निघाला आणि १९७५ पासून नियतकालिकांचे इम्पॅक्ट फॅक्टर नियमित छापले जाऊ लागले. हिशेब साधा आहे. एखाद्या नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत जेवढे लेख छापले, त्यांचे यंदा किती उल्लेख झाले, ते सरासरीने काढायचे. दोन वर्षांची ही खिडकी वेगाने धावणाऱ्या विषयांना मानवते. रेणवीय जीवशास्त्रातला निबंध दोन वर्षांत गाजतो किंवा विसरला जातो. फ्लोराची गोष्ट उलटी आहे. त्याचा उपयोग विसाव्या वर्षी सुरू होतो आणि शंभराव्या वर्षीही चालू राहतो. शिवाय तो ग्रंथ असतो, नियतकालिक नव्हे. म्हणून इम्पॅक्ट फॅक्टरच्या तक्त्यात त्याला रकानाच नाही.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला अन्यायाची वाटते. शास्त्रीय नाव लिहिताना त्यामागे नाव देणाऱ्याची खूण लिहितात. धान म्हणजे ओरायझा सटायव्हा एल. यातला 'एल.' म्हणजे लिनियस, ज्याने १७५३ साली हे नाव छापले. जगात धानावर जितके निबंध निघतात, त्यांतले असंख्य लोक ही खूण लिहितात. पण ती संदर्भयादीत येत नाही, म्हणून उल्लेख म्हणून मोजली जात नाही. वनस्पतीची ओळख ज्या फ्लोरावरून पटवली, त्याचे नावही बहुतेक वेळा 'साहित्य आणि पद्धती' या भागातल्या एका वाक्यात येऊन जाते. ज्याच्यावर सगळे उभे आहे, त्याचा हिशेबात पत्ताच लागत नाही.

या आकड्यांचे कॉलेजात काय होते, ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दिसते. १० पेक्षा जास्त इम्पॅक्ट फॅक्टर असलेल्या नियतकालिकातल्या एका निबंधाला ३० वाढीव गुण आणि राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या संपूर्ण ग्रंथाला १० गुण. जिल्ह्याचा फ्लोरा म्हणजे दहा-बारा वर्षांची पायपीट. हर्बेरियममध्ये जमा केलेल्या नमुन्यांना तर या तक्त्यात एकही गुण नाही. मग तरुण प्राध्यापकाने कोणता रस्ता धरावा, हे नियमच सांगून टाकतो.

त्याहून वाईट परिणाम दुसऱ्या टोकाला झाला. गुणांसाठी निबंध हवे आणि ते लवकर हवे, अशी गरज निर्माण झाल्यावर पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके उगवली. ती अडवण्यासाठी आयोगाने २०१७ साली मान्य नियतकालिकांची यादी काढली, पण त्या यादीतच ती शिरली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी या यादीतला विद्यापीठांच्या शिफारशींचा भाग तपासला आणि मार्च २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष छापला: तपासलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट असू शकतात. कुठे पत्ता खोटा, कुठे संपादकांची माहिती चुकीची. त्यानंतर आयोगाने हजारो नावे गाळली आणि 'केअर' ही नवी व्यवस्था उभी केली. तिचे केंद्र पुण्याच्या विद्यापीठात होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने केअर यादीही बंद केली. आता नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर आहे.

वनस्पतिशास्त्राला अशा छापखान्यांची झळ विशेष बसली, असे माझे मत आहे. 'अमुक तालुक्यातील औषधी वनस्पती' अशा मथळ्याचे निबंध लिहायला सोपे पडतात. त्यांतल्या कितीकांत नमुना क्रमांक नसतो. नाव चुकले असेल, तर तपासायचे कशावरून? ज्या निबंधामागे नमुना नाही, त्याचे कितीही उल्लेख झाले तरी ती ऐकीव माहितीच राहते.

त्याच काळात आपल्याच भागात वेगळ्या वाटेने काम झाले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांनी मामा (माजी मालगुजारी) तलावांचा अभ्यास धीवर समाजाला सोबत घेऊन केला. कोणत्या पाणवनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, काय खातो, कुठे लपतो, हे जुन्या मासेमारांना माहीत होते. ते ज्ञान नोंदवले गेले. मग बेशरम हे तण उपटून तलावात देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्यात आल्या. ज्ञानाचा इम्पॅक्ट म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

प्रकाशनाच्या काही वाटा आता मोकळ्याही झाल्या आहेत. १९३५ पासून नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्ये देणे सक्तीचे होते. २०१२ च्या आरंभापासून इंग्रजी चालते आणि विहित अटी पाळून केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात छापलेले नावही ग्राह्य धरले जाते. कुक यांचा ग्रंथ घरबसल्या फुकट वाचता येतो. सर्वेक्षण संस्थेच्या हर्बेरियम शीटची छायाचित्रे इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियमवर पाहता येतात. साकोलीतल्या विद्यार्थ्याला पूर्वी ज्यासाठी पुण्याची गाडी पकडावी लागे, त्यातले पुष्कळसे आता मोबाइलवर दिसते.

म्हणून जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या वनस्पतिशास्त्र विभागांना एक विनंती आहे. प्रकल्पासाठी गोळा केलेल्या प्रत्येक वनस्पतीचा एक नीट वाळवलेला, चिठ्ठी लावलेला नमुना मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये जमा करा आणि त्याचा क्रमांक निबंधात छापा. रोवणीच्या दिवसांत बांधीतले, दिवाळीनंतर तलाव उतरताना काठावरचे आणि उन्हाळ्यात कोका-नागझिऱ्याच्या जंगलातले नमुने आधी घ्या. ओळख ज्या फ्लोरावरून पटवली, तो संदर्भयादीत पूर्ण नावानिशी लिहा. विद्यापीठांनीही जमा केलेल्या नमुन्यांना आणि जिल्ह्याच्या फ्लोराला त्यांच्या श्रमाच्या तोलाचे गुण द्यावेत. नियम बदलायला वेळ लागेल. नमुने घ्यायला या पावसाळ्यापासून सुरुवात करता येईल.