संग्रहालयातील शहर : भायखळ्याची दालने आणि भिवंडीचा माग

१८५७ या वर्षाशी पश्चिम हिंदुस्थानच्या सामाजिक इतिहासातील दोन घटना निगडित आहेत. वरवर पाहता त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. मुंबईच्या कोटात टाऊन बरॅक्स या इमारतीत इलाख्यातील उत्पन्नाच्या व कारागिरीच्या वस्तूंचा एक संग्रह नुकताच मांडण्यात आला होता. उत्तरेत उठाव होताच ती जागा लष्कराने ताब्यात घेतली, वस्तू बाहेर काढल्या गेल्या आणि त्यांतील पुष्कळशा नाश पावल्या. दुसरी घटना अशी की, त्याच उठावाच्या सुमारास अलाहाबाद, आझमगड, बनारस या भागांतील मोमीन विणकरांची कुटुंबे दक्षिणेची वाट धरू लागली व मालेगाव, भिवंडी, मुंबईचा मदनपुरा अशा ठिकाणी त्यांचे माग उभे राहिले. पहिल्या घटनेनंतर जॉर्ज बर्डवुड यांनी संग्रहाची पुन्हा जुळवाजुळव केली, जगन्नाथ शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी लाड यांनी निधीसाठी खटपट केली, १८६२ मध्ये भायखळ्यास पायाभरणी झाली आणि १८७२ च्या मे महिन्यात व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालय लोकांस खुले झाले. १९७५ पासून त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. दुसऱ्या घटनेतून जे घडले ते मात्र कोणत्याही दालनात सहजासहजी सापडत नाही.

भायखळ्याच्या या वास्तूत शिरणारा अभ्यासक प्रथम तिच्या लोखंडी खांबांनी व रंगीत छताने दिपून जातो. २००८ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धाराने ती शोभा परत आणली आहे. परंतु सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने खरे महत्त्व मातीच्या लहान लहान प्रतिकृतींचे आहे. शहरातील जातीजमाती, त्यांची पागोटी व पगड्या, कारागिरांचे धंदे, घरगुती खेळ हे सारे त्यांत हातभर उंचीच्या आत उभे केले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी, कला विद्यालयाचे प्रमुख सेसिल बर्न्स हे संग्रहालयाचे काम पाहत असताना, या मांडणीस मोठी चालना मिळाली. पागोट्याच्या एकेका वळशातील फरक त्यांत इतक्या काळजीने टिपला आहे की, त्या काळातील मुंबईच्या पोषाखाचा अभ्यास करणाऱ्यास ही मातीची माणसे अनेक छापील साधनांहून अधिक उपयोगी पडावीत.

तथापि या मांडणीची मर्यादाही येथेच लक्षात येते. प्रत्येक बाहुली एका वर्गाची प्रतिनिधी आहे. तिला नाव नाही, घर नाही, कर्ज नाही. विणकर आहे, पण त्याने सूत कोणाकडून उधार घेतले हे कळण्यास मार्ग नाही. ज्या दृष्टीने वसाहती राज्यकर्त्यांनी गॅझेटियरमध्ये लोकांचे कोष्टक मांडले तीच दृष्टी येथे मातीत उतरली आहे. यात विशेष म्हणजे या दालनांपासून थोड्याच अंतरावर, मदनपुऱ्यात, हातमागावर बसलेले जिवंत विणकर त्याच काळात लुगडी विणीत होते. पलीकडे गिरणगाव पसरले होते. हिंदुस्थानातील संग्रहालयांत गर्दी करणारा सामान्य प्रेक्षक ज्ञानासाठी नव्हे, नवल पाहण्यासाठी येतो, अशी तक्रार अधिकारी मंडळी वारंवार करीत. त्या प्रेक्षकाला काचेआड स्वतःचे आयुष्य दिसत नव्हते, हा मुद्दा मात्र त्यांच्या ध्यानात आल्याचे दिसत नाही.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची गोष्ट वेगळी आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकघरातील भांडी, कोरीव दरवाजे अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमविल्या. येथे वर्गवारीपेक्षा वस्तूवरचे प्रेम अधिक आहे. पण सुंदर तेच जपले गेले, हे याही संग्रहाबाबत म्हणता येते. अडकित्त्याला सौंदर्य असते. सूत भरण्याच्या कांडीला सहसा नसते.

संग्रहालय कामकऱ्यांच्या वस्तीत असावे व त्यास प्रवेशमूल्य नसावे, ही कल्पना ग्लासगो नगरपालिकेने १८९८ मध्ये 'पीपल्स पॅलेस' उघडून प्रत्यक्षात आणली. एका खोलीत चालणारा गरीब कुटुंबाचा संसार, धुण्याची जागा, संपाची पत्रके ही तेथे पुढे प्रदर्शनीय वस्तू ठरली. ग्लासगो हेही सुताचे, यंत्राचे आणि स्थलांतरितांचे शहर. म्हणून भिवंडीशी त्याची तुलना केवळ शाब्दिक ठरत नाही.

भिवंडीच्या बाबतीत संग्रहालयाचा प्रश्न हा मुळात साधनांचा प्रश्न आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्याची नोंद प्रत्येक इतिहासग्रंथात मिळते. लोनाडच्या लेण्यांवर व मंदिरावर विद्वानांनी लिहिले आहे. कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांचे, भाताच्या पेठेचे जुने गाव म्हणूनही ते परिचित आहे. पण १९३० नंतर येथे विजेवर चालणारे माग आले, मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले जुने माग येथे नव्याने उभे राहिले आणि पेठेचे कारखान्यांचे शहर झाले, त्या काळाचा कागद विरळ आहे. याचे कारण आळस नव्हे. १९५० पासून काही प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवण्यात आले व यंत्रमागास परवाना लागू लागला. त्यामुळे विनापरवाना मागाची नोंद कोणीच करीत नसे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात वीज वापरणाऱ्या जागेसाठी दहा कामगारांची मर्यादा होती. म्हणून एकाच छपराखालचे माग अनेक नावांवर वाटले जात. १९५४ ची कानुनगो समिती व १९६४ ची अशोक मेहता समिती यांनी यंत्रमागाचा विचार केला तो धोरणाच्या अंगाने. जे दफ्तरात शिरू नये म्हणूनच काळजी घेतली गेली, ते दफ्तरात शोधणे व्यर्थ होय. अशा ठिकाणी वस्तू, जागा आणि स्मृती हीच अस्सल साधने ठरतात.

स्मृतीचेही परीक्षण करावे लागतेच. मोमीन घराण्यांत आपले पूर्वज सत्तावनच्या बंडात निघाले असे सांगण्याची रीत आहे. प्रत्यक्षात हे स्थलांतर कित्येक दशके चालले. गिरणीच्या कापडाची स्पर्धा व दुष्काळ यांचा त्यात वाटा होता. सत्तावनची आठवण म्हणून खोटी ठरत नाही. पोटासाठी निघालेल्यांनी आपल्या प्रस्थानाला मानाचा आरंभ दिला, हीच सामाजिक इतिहासाची नोंद आहे. तेलंगणातून आलेले पद्मशाली, ज्यांच्यामुळे पद्मानगर हे नाव पडले, यांची प्रस्थानकथा वेगळी आहे. दोन्ही कथा एकाच दालनात शेजारी मांडल्या तर प्रेक्षकालाच तुलना करता येईल.

कामगारांच्या भिशीचे उदाहरण घ्यावे. मराठीत या शब्दाने आज पैशाची पाळी समजली जाते. यंत्रमाग कामगाराला मात्र तो जेवणाच्या ठिकाणासाठी लागतो. घरापासून शेकडो मैलांवर राहणाऱ्या पुरुषांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या या खाणावळी पुष्कळदा बायकाच चालवितात. कोण किती दिवस जेवला, कोण गावी गेला, कोणाची बाकी थकली हे त्यांच्या वहीत असते. मुंबईत अशाच खाणावळवाल्या स्त्रियांतून १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले व त्यांचा काही इतिहास त्यामुळे लिहिला गेला. भिवंडीची भिशीची वही रद्दीत जाते. १९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरणीसंप सुरू झाला आणि गिरण्यांचे कापड भिवंडीच्या मागांवर विणून घेतले जाऊ लागले, त्या दीड-दोन वर्षांत जेवणारे किती वाढले, हे सांगू शकणारी साधने या वह्यांहून फारशी वेगळी नसावीत. संपाचा इतिहास आजवर प्रायः मुंबईच्या बाजूनेच लिहिला गेला आहे.

अशा संग्रहालयात १९७० व १९८४ या वर्षांचे काय करावयाचे, हा प्रश्न टाळता येणार नाही. पहिल्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाच्या अहवालात शहराचे मोहल्ले, रस्ते, संस्था व मिरवणुकीचे मार्ग यांचे इतके तपशीलवार वर्णन आहे की, भिवंडीच्या नागरी भूगोलाचे ते एक प्रमुख साधन ठरले आहे. शहराचे रोजचे जीवन बारकाईने लिहून काढण्यास ते मोडून पडावे लागले, ही गोष्ट खेदाची खरी. पुढे १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या चालविल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. या समित्यांच्या बैठकांत पाणी, गटारे, भाडे अशाच गोष्टी निघत असणार. त्या बैठकांचे कागद हेही रोजच्या जीवनाचेच दप्तर होय. दंगलीचे चित्र लावून समितीचा कागद न लावणे इतिहासदृष्ट्या अपुरे ठरेल. उलट करणे सोयीचे, पण तेही अपुरेच.

जागेचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. बंद पडलेला एखादा मागांचा कारखाना यास पुरे. त्यात किमान एक माग चालता ठेवावा लागेल, कारण बारा तास कानावर आदळणारा तो खडखडाट चित्रात दाखविता येत नाही. प्रवेश विनामूल्य असावा व वेळ कामगाराच्या सुटीशी जुळणारी असावी. शुक्रवारी, वीज नसल्याने वा सुट्टीमुळे, ज्या दिवशी माग थांबतात त्या दिवशी दार उघडे हवे. मधल्या काळात बिनधोट्याचे नवे माग येत आहेत, शहराभोवती गोदामांची रांग वाढली आहे, आणि जुने साधे माग भंगाराच्या दुकानात वजनावर विकले जात आहेत. मागाचे बीड वितळविण्यास जाते. त्याच्याबरोबर येणारा लाकडी धोटा कोणी विकत घेत नाही, तो बहुधा जळणात जातो.