माळ्यावरचा जुना व्हॉल्व्ह रेडिओ थेट प्लगला का लावू नये?

लोणावळ्यातल्या जुन्या बंगल्यात किंवा मावळातल्या एखाद्या वाड्यात मर्फी, फिलिप्स किंवा बुशचा रेडिओ सापडला, की आधी तो लावून बघावासा वाटतो. तसे करू नका. वर्षानुवर्षे बंद असलेल्या सेटमध्ये बहुधा पहिला दगा देतो तो वीजपुरवठ्याचा फिल्टर कपॅसिटर. जुने मेकॅनिक त्याला ‘कंडेन्सर’ म्हणतात.

त्याचे काम काय?
व्हॉल्व्हना साधारण २०० ते ३०० व्होल्ट डीसी लागतो. एसीचा डीसी केल्यावरही त्यात चढउतार उरतात. कपॅसिटर ते सपाट करतो. तो कमजोर झाला की स्पीकरमधून सतत ‘घूंऽऽ’ ऐकू येते.

तो खराब का होतो?
आतल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. सेट पडून राहिला की हा थर क्षीण होतो, द्रवही वाळतो. अशा वेळी एकदम पूर्ण व्होल्टेज दिले तर कपॅसिटर शॉर्ट होऊन रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर जळू शकतात. कपॅसिटर स्वस्तात मिळतो; तसाच ट्रान्सफॉर्मर मिळणे कठीण.

लोणावळ्याच्या पावसाचा त्रास वेगळा आहे. सेटमधले मेण लावलेले कागदी कपॅसिटर ओलावा शोषतात. तेही बदलावेत.

बदलताना काय पाहावे?
• प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो. तो १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने उतरवा आणि मीटरने खात्री करा.
• व्होल्टेज मूळ आकड्याइतके किंवा जास्त असावे. ५० मायक्रोफॅरडऐवजी ४७, ३२ ऐवजी ३३ चालतो. त्याहून फार मोठा नको. सुरू होताना रेक्टिफायर व्हॉल्व्हवर ताण येतो. ईझेड ८० साठी कमाल मर्यादा ५० आहे.
• प्लस-मायनस उलटे जोडले तर कपॅसिटर फुटू शकतो.
• जुना डबा दिसण्यासाठी ठेवायचा असेल, तर त्याची जोडणी पूर्ण काढा.
• पहिल्यांदा सुरू करताना ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावा. तो पूर्ण तेजाने पेटून राहिला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. लगेच बंद करा.

काही सेटमध्ये मेन ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यांच्या चासीवर थेट २३० व्होल्ट येऊ शकतात. असे सेट आणि सोल्डरिंगची सवय नसलेल्यांनी कोणताही सेट जाणकार मेकॅनिककडेच द्यावा. सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत शोधता येतात.