मुलांच्या किडनीला झालेली इजा सोनोग्राफीत लवकर कळते का?

ताप, जुलाब किंवा सर्पदंशामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या मुलाची किडनी काही तासांत किंवा दिवसांत अचानक कमी काम करू लागते. याला 'तीव्र मूत्रपिंड इजा' म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात हाच आजार 'एकेआय' या नावाने येतो. वेळीच लक्षात आल्यास बहुतेक मुलांची किडनी सावरू शकते, उशीर झाल्यास डायलिसिसची वेळ येते.

हा धोका किती मोठा?

2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अवेअर' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात 32 बाल अतिदक्षता विभागांतील 4,683 रुग्णांची पाहणी झाली. त्यांपैकी 26.9 टक्के, म्हणजे चारांत एकाहून थोड्या जास्त रुग्णांना एकेआय झाला होता.

सावली परिसरात कारणे कोणती?

चंद्रपूर जिल्ह्यातील सावली तालुका धानशेतीचा आहे. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. या जंगलपट्ट्यात मुलांच्या किडनीला इजा करणारी काही कारणे ठळक आहेत:

- घोणस चावणे : तिचे विष रक्तावर आणि किडनीवर परिणाम करते.
- फॅल्सिपेरम मलेरिया : गडचिरोलीवर मलेरियाचा मोठा भार आहे.
- जुलाब-उलट्या : शरीरातले पाणी घटले की किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो.
- सिकलसेल : या आजारात किडनी आधीच नाजूक असते.
- औषधे : अंगात पाणी कमी असताना आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घातक ठरू शकतात.

दूषित औषधाचा फटका किती मोठा असतो, हे 2025 मध्ये दिसले. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉल असलेले खोकल्याचे औषध घेतल्याने 20 हून अधिक मुले दगावली. यातील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. साधा ताप-खोकला, मग लघवी बंद, असाच बहुतेकांचा क्रम होता.

रक्ततपासणी मागे का पडते?

एकेआयचे निदान रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीचे प्रमाण यांवरून होते. क्रिएटिनिन 48 तासांत 0.3 मिलिग्रॅमने वाढले किंवा सात दिवसांत दीडपट झाले, तर एकेआय समजतात. मात्र इजा झाल्यानंतर ही वाढ दिसायला साधारण एक-दोन दिवस जातात.

लहान मुलांमध्ये आणखी एक फसगत होते. तीन वर्षांच्या मुलाचे क्रिएटिनिन साधारण 0.3 ते 0.4 असते. ते 0.7 झाले, तर रिपोर्टवर छापलेल्या प्रौढांच्या मर्यादेत ते 'नॉर्मल' दिसते. प्रत्यक्षात ते दुप्पट झालेले असते.

सोनोग्राफीत काय दिसते?

या तपासणीत किरणोत्सर्ग नसतो, सुई टोचावी लागत नाही आणि बहुधा भूलही लागत नाही. खाटेजवळच ती पुन्हा पुन्हा करता येते. डॉक्टर प्रामुख्याने चार गोष्टी पाहतात:

1. आकार : सुजलेली किडनी मोठी दिसते. लहान, आकसलेली किडनी जुना आजार सुचवते.
2. चमक : किडनीचा बाहेरचा भाग यकृतापेक्षा उजळ दिसला, तर इजेची शंका येते. नवजात बाळात मात्र हे स्वाभाविक असू शकते.
3. अडथळा : लघवी तयारच होत नाही की मूत्राशयात तुंबली आहे, हे लगेच कळते.
4. रक्तप्रवाह : डॉप्लरने किडनीच्या धमन्यांतील प्रवाह मोजतात. त्यावरून 'रेझिस्टिव्ह इंडेक्स' काढतात. प्रवाहाला विरोध वाढला की हा आकडा वाढतो.

सूक्ष्म बुडबुड्यांचे द्रव्य शिरेतून देऊन किडनीतील बारीक रक्तप्रवाह पाहण्याची पद्धतही आहे. मुलांतील एकेआयसाठी ती अजून संशोधनाच्या पातळीवर आहे.

मर्यादा काय?

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे किडनी ठणठणीत आहे असे नाही. सुरुवातीच्या इजेत चित्र अगदी साधे दिसू शकते. रेझिस्टिव्ह इंडेक्स मुलाचे वय, रक्तदाब आणि नाडीच्या वेगानुसार बदलतो, त्यामुळे एकट्या आकड्यावर निदान होत नाही. शिवाय प्रशिक्षित हात लागतो. गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे भारतात प्रत्येक मशीनची नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे ते हवे तिथे नेता येत नाही. म्हणून सोनोग्राफी ही रक्त आणि लघवीच्या तपासणीला जोड आहे, पर्याय नव्हे.

पालकांनी काय पाहावे?

सर्वात स्वस्त आणि लवकर मिळणारी खूण म्हणजे लघवी. दर किलो वजनामागे तासाला अर्धा मिलिलिटरपेक्षा कमी लघवी सलग सहा तास झाली, तर ती धोक्याची असते. दहा किलोच्या मुलासाठी हे सहा तासांत 30 मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे.

मूल दाखल असेल तर त्याने किती वेळा आणि किती लघवी केली, हे लिहून ठेवा आणि नर्सला सांगा. घरी असताना लघवी कमी झाली, चहासारखी गडद किंवा लाल झाली, चेहरा किंवा पाय सुजले, मूल सुस्त पडले, तर थांबू नका. साप चावला असेल, तर लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. लहान मुलांचे डायलिसिस सगळीकडे होत नाही. मोठ्या केंद्राकडे पाठवायचे असेल, तर सावलीसारख्या ठिकाणाहून प्रवासातच कित्येक तास जातात. खूण लवकर ओळखली, तर तेवढे तास हाती राहतात.