फटफटी काय बोलते?

श्रोतेहो, बाजारात मडके घेताना आपल्या आयाबहिणी त्यावर टिचकी मारून बघतात. चांदीचा रुपया चलनात होता तेव्हा दुकानदार तो दगडावर वाजवून घेत असे. नाद ऐकून वस्तू पारखायची ही आपली जुनीच रीत आहे. आज ज्या यंत्राविषयी बोलायचे आहे, त्याला तर आपण नावच आवाजावरून दिले. ते नाव म्हणजे फटफटी.

अलीकडे पडवीत, गोठ्यात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या जुन्या फटफट्या पुन्हा बाहेर निघू लागल्या आहेत. आजोबांची गाडी नातू मोठ्या हौसेने सुरू करतो, आणि क्षणभर कान देऊन लगेच विचारतो, "हा आवाज बरोबर आहे का हो?" प्रश्न साधा वाटतो, पण तो पैशाचा आहे आणि कधी कधी जिवाचाही. धडधाकट इंजिन उगाच खोलले तर खर्च वाया जातो. बिघडलेले तसेच पळवले तर ते भर रस्त्यात अडकून बसते. याचे उत्तर शोधायला थोडे मागे गेले पाहिजे.

जर्मनीत 1885 साली गोटलीब डाइमलरने लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचे इंजिन बसवून दुचाकी तयार केली. त्या इंजिनाचे माप 264 सीसी, आणि ते मिनिटाला सुमारे 600 फेरे घेई. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारसायकली रस्त्यावर दिसू लागल्या, तेव्हा पुष्कळ गाड्यांचे व्हॉल्व आणि स्प्रिंगा उघड्यावरच असत. तेल हातपंपाने द्यावे लागे. ठिणगी आधी पडावी की उशिरा, हेही हँडलवरच्या दांडीने स्वारानेच ठरवायचे. चढावर इंजिन किणकिणू लागले की स्वार दांडी मागे घेई. ना काटा, ना दिवा! कान हेच त्या काळचे मीटर होते.

आपल्याकडे ही कानाची विद्या खेडोपाडी पोचली ती मुख्यतः बुलेटमुळे. 1955 साली इंग्लंडातील रेडिच गावची रॉयल एन्फील्ड कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून एन्फील्ड इंडिया स्थापन केली, आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला बुलेट तयार होऊ लागली. लष्कर, पोलीस, गावोगाव फिरणारे डॉक्टर, सधन शेतकरी अशा सगळ्यांनी ती वापरली. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचा ठेका बदलला की शेतकरी बांधावरूनच ओळखी, "पट्टा सैल झाला वाटतं!" तोच कान त्याने फटफटीला लावला.

या बुलेटचे इंजिन कसे होते ते नीट समजून घेऊ, कारण आवाजाचे मूळ तिथेच आहे. एकच सिलिंडर, तो बिडाचा. व्यास 70 मिलिमीटर, दट्ट्याची धाव 90 मिलिमीटर, माप 346 सीसी. थंड व्हायला फक्त वारा. पाण्याचे वेष्टण असते तर त्याने आवाज गिळला असता. इथे आत जे वाजते ते थेट आपल्या कानावर येते. म्हणजे जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त वाजणार, हे गृहीतच धरले पाहिजे.

आता एकेक आवाज ओळखू या.

पहिला, वरच्या बाजूची हलकी टिकटिक. ती टॅपेटची. व्हॉल्वला उचलणाऱ्या सळ्या तापल्यावर वाढतात, म्हणून त्यांना जागा ठेवावी लागते. इंजिन दोन फेरे घेते तेव्हा प्रत्येक व्हॉल्व एकदाच उघडतो, म्हणून या टिकटिकीची चाल इंजिनाच्या निम्मी असते. बुलेटची टॅपेटे इंजिन गार असताना बघायची. सळी बोटांनी सहज फिरली पाहिजे, पण वरखाली खेळता कामा नये. एवढे जमले की उरलेली टिकटिक हा दोष नव्हे.

दुसरा, सकाळी पहिल्या किकनंतर येणारा पोकळ खडखड आवाज. दट्ट्या अॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. गार असताना दट्ट्या किंचित सैल बसतो आणि भिंतीवर आपटतो. तापला की अॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगते, फट भरते, आवाज विरतो. काही मिनिटांत गेला तर काळजी नको. इंजिन पुरते तापल्यावरही राहिला, तर सिलिंडर झिजला असे समजा.

तिसरा, घाटात टॉप गिअरमध्ये जोर लावताना येणारी किणकिण. पेट्रोल वेळेआधी भडकते तेव्हा ती ऐकू येते. 1921 साली अमेरिकेत थॉमस मिजलीने पेट्रोलात शिशाचे संयुग घालून हा दोष आवरला. पुढे ते शिसे विषारी म्हणून काढावे लागले. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री 2000 साली बंद झाली. तरी किणकिणीचे खापर आजच्या पेट्रोलवर फोडू नका. या इंजिनांचा दाब मुळातच कमी, आणि या बाबतीत आजचे पेट्रोल त्या काळच्या पेट्रोलपेक्षा सरस आहे. आधी ठिणगीची वेळ पाहा, डोक्यात साचलेली काजळी पाहा, आणि घाटात वेळेवर गिअर उतरवा.

चौथा मात्र खरा वैरी. खालून, पोटातून येणारा जड ठोका : ठक्, ठक्. कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंग झिजले की तो सुरू होतो. टिकटिक वरून येते, हा तळातून. दट्ट्याचा आवाज तापल्यावर कमी होतो. हा उलट वाढतो, कारण तापलेले तेल पातळ होते. भार पडला की आणखी वाढतो. असा ठोका ऐकला की गाडी तिथेच बंद करावी आणि टेम्पोत घालून न्यावी.

एक सूचना. 1961 पासून म्हैसूरला बनलेली जावा, तिची पुढची येझदी, किंवा राजदूत या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांना असे व्हॉल्व नाहीत, म्हणून टॅपेटही नाही. त्यांच्यात टिकटिक ऐकून "टॅपेट असेल" म्हणणारा मिस्त्री भेटला, तर त्याच्या हाती गाडी देऊ नका.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. वडील शाळामास्तर, त्यांच्याकडे जुनी बुलेट होती. तिची टिकटिक त्यांना खुपे. एका मिस्त्रीने टॅपेटे आवळून दिली. इंजिन गप्प झाले, वडील खूष! पंधरा दिवसांनी चढावर गाडीचा दम गेला आणि किकला जोरच लागेना. सळीला जागा न उरल्याने एग्झॉस्टचा व्हॉल्व पुरता बसत नव्हता. तो बसला की त्याची उष्णता बैठकीत उतरायची. ती वाट बंद झाली आणि व्हॉल्व जळाला. दुसऱ्या गावचे म्हातारे फिटर हसून म्हणाले, "मास्तर, वर्गातलं पोर बोलतंय तोवर बरं असतं. एकदम गप्प झालं, की जवळ जाऊन बघावं."

आज हे सांगण्याची गरज वाढली आहे. 2008-09 च्या सुमारास बुलेटच्या घराण्यात नवे इंजिन आले. त्याची टॅपेटे तेलाच्या दाबाने आपली फट आपणच भरून घेत. त्या शांततेला सरावलेल्या कानाला आजोबांची गाडी आजारी वाटते. उलट काही जण "बुलेट अशीच वाजते" म्हणत पोटातला ठोकाही खपवून घेतात. दोघेही फसतात, कारण दोघेही आवाज मोठा की लहान एवढेच पाहतात.

खरी कसोटी बदलाची आहे. गाडी चांगली असताना तिचा आवाज कानात साठवून ठेवा. मग शंका आली की चार प्रश्न विचारा. आवाज वरून येतो की तळातून? गार असताना येतो की तापल्यावर? भार पडल्यावर वाढतो का? आणि सर्वांत महत्त्वाचे, काल होता का? काल नव्हता आणि आज आहे, तर तो कितीही बारीक असो, त्याचा शोध घ्या. दहा वर्षे आहे तसाच असेल, तर त्याला सुखाने वाजू द्या.

शिक्षकबंधूंना एक विनंती. धातू उष्णतेने फुगतात, आणि सगळे सारखे फुगत नाहीत, हा धडा आपण वर्गात शिकवताच. एखाद्या सकाळी गावातली जुनी फटफटी शाळेच्या पटांगणात आणा. गार इंजिन सुरू करून मुलांना दुरूनच ऐकवा, आणि पाच मिनिटांनी पुन्हा ऐकवा. विरत जाणारा तो खडखडाट मुले जन्मभर विसरणार नाहीत.