कव्हरवरची नावं

गिटार हातात धरलेल्या कुठल्याही कॉलेजकुमाराला ‘वंडरवॉल’ म्हणजे काय विचारा, तो लगेच ओॲसिसचं गाणं वाजवायला लागेल. आमचा नातू त्यातलाच. १९९५ साली आलेलं हे गाणं तो इतक्यांदा वाजवतो की आता आमच्या कामवाल्या मावशीसुद्धा ते गुणगुणतात. पण हा शब्द ओॲसिसवाल्यांनी उचलला कुठून? तर जॉर्ज हॅरिसनच्या १९६८ सालच्या ‘वंडरवॉल म्युझिक’ या एल.पी.वरून. आणि त्या एल.पी.तलं बरंचसं संगीत ध्वनिमुद्रित झालं ते आपल्या मुंबईत, फोर्टमध्ये! हे सांगितल्यावर नातवाने गिटार खाली ठेवली. म्हटलं, चला, इतिहासाच्या मास्तरचं अजून कुणी ऐकतंय तर.

तर मंडळी, आजचा विषय बीटल्स आणि आपले वादक. यातली सतारीची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. १९६५ साली ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यात हॅरिसनने सतार वाजवली. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या इंडियाक्राफ्ट नावाच्या दुकानातून घेतलेली ती साधीच सतार. पुढे तो पंडित रविशंकरांचा शिष्य झाला आणि पाश्चात्य पॉपमध्ये सतारीची साथच आली. त्याच सुमारास सायकेडेलिक रॉक जोरात होता. एल.एस.डी.च्या नशेत मनाला जे दिसतं-भासतं ते सुरांतून उभं करायचं, असा काहीसा त्याचा खटाटोप. एकच सूर लांबवर धरून ठेवायचा, त्यावर बाकीचं तरंगत ठेवायचं. त्या मुलांना आपला तानपुरा म्हणजे घबाडच वाटला असणार. आपलं संगीत नशेशी जोडलं गेलं याचं रविशंकरांना मात्र फार दुःख होतं आणि ते त्यांनी वारंवार बोलून दाखवलं.

पण मला आज बोलायचंय ते साथीदारांबद्दल.

लंडनमध्ये १९४६ साली एशियन म्युझिक सर्कल नावाची संस्था सुरू झाली. आपल्या शेजारच्या कर्नाटकातून तिकडे गेलेले अयाना अंगडी आणि त्यांच्या इंग्रज पत्नी पॅट्रिशिया यांनी ती काढली. हॅरिसनला भारतीय वादक मिळाले ते याच संस्थेमार्फत. एप्रिल १९६६ मध्ये ‘लव्ह यू टू’ या गाण्यासाठी तबलजी हवा होता. अंगडींनी एका तरुणाला फोन केला, आज संध्याकाळी जॉर्जबरोबर वाजवायला मोकळा आहेस का? कोण जॉर्ज, ते काही सांगितलं नाही. न्यायला दारात रोल्स रॉइस आली तेव्हा त्याला उलगडा झाला. या तरुणाचं नाव अनिल भागवत. (आडनाव वाचून तुमचीही कॉलर ताठ झाली ना? माझी झाली.) हॅरिसनने सोळा मात्रांत, रविशंकरांच्या ढंगाचं काहीतरी वाजवायला सुचवलं, बाकी तुझ्या मनाने वाजव म्हणाला. ‘रिव्हॉल्व्हर’ ही एल.पी. ऑगस्ट १९६६ मध्ये आली, तेव्हा तिच्या कव्हरवर छापलं होतं, ‘अनिल भागवत, तबला’. भागवतांनी पुढे मुलाखतीत सांगितलं की आपलं नाव कव्हरवर आहे याचा फार अभिमान वाटतो. जगातल्या सर्वांत गाजलेल्या बँडबरोबर वाजवलं याचा आनंद होताच, पण नाव छापलं गेलं याचं अप्रूप त्यांनी आवर्जून बोलून दाखवलं.

आता पुढच्या वर्षीची गोष्ट बघा. मार्च १९६७ मध्ये ‘विदिन यू विदाउट यू’ मुद्रित झालं. यात दिलरुबा आहे, तानपुरा आहे, तबला आहे. दिलरुब्याच्या मिंडीबरोबर जाण्यासाठी निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी आठ व्हायोलिनं आणि तीन चेलो लावले, म्हणजे विलायती वादकांना आपल्या गजाच्या मागून चालायला लावलं. हे गाणं ‘सार्जंट पेपर’ या एल.पी.त आलं. तिचं कव्हर जगप्रसिद्ध आहे. त्यावर नामवंतांची गर्दी आहे आणि त्या गर्दीत आपले चार योगी आहेत, परमहंस योगानंद, श्रीयुक्तेश्वर, लाहिरी महाशय आणि महावतार बाबाजी. गांधीजीही होते, पण भारतात लोक दुखावतील या भीतीने कंपनीच्या साहेबांनी त्यांना काढायला लावलं. मागच्या बाजूला सगळ्या गाण्यांचे शब्द छापले. फक्त ज्यांनी दिलरुबा, तानपुरा, तबला वाजवला त्यांची नावं कुठेच नाहीत!

चार योग्यांचे चेहरे आहेत, चार वादकांची नावं नाहीत. ही नावं पुढे यायला पन्नास वर्षं लागली. २०१७ मध्ये, लिव्हरपूल विद्यापीठात या एल.पी.च्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ती जाहीर झाली. अन्ना जोशी आणि अमृत गज्जर (दिलरुबा), बुद्धदेव कंसारा (तानपुरा), नटवर सोनी (तबला). मी मुद्दाम चौघांचीही लिहितो आहे.

आमच्या घरातल्यांना हे वाचताना मामांची आठवण येईल. मामा एका संगीत नाटक कंपनीत तबला वाजवायचे. कंपनीच्या हस्तपत्रकावर नटांची नावं ठळक टायपात, नाटककाराचं त्याखाली, पडदे रंगवणाऱ्याचंसुद्धा एका कोपऱ्यात. आणि तळाशी, ‘सुरेल साथ’. झालं! मामा म्हणजे ‘सुरेल साथ’. ते स्वतः कधी काही बोलले नाहीत. आईला मात्र ते शेवटपर्यंत लागून राहिलं होतं.

आता मुंबईकडे येऊ. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन फोर्टमधल्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत आला. ग्रामोफोन कंपनीच्या भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र आणवलं. ‘वंडरवॉल’ नावाच्या चित्रपटाला त्याला संगीत द्यायचं होतं. वादक कोण? सरोदवर आशिष खान, संतूरवर शिवकुमार शर्मा, सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, बासरीवर एस. आर. केंकरे, तारशहनाईवर विनायक व्होरा. आणि ही नावं कव्हरवर आहेत! छपाईत शर्मांचे ‘शेरमार’ झाले, पण असू दे. हजेरीपटावर नाव चुकीचं असलं तरी मुलगा हजर लागतो, नावच नसेल तर तो शाळेत आलेलाच नसतो. तीस-बत्तीस वर्षं हजेरी घेतलेल्या माणसाला हा फरक चांगला कळतो.

त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचं वाद्यसंगीतही मुद्रित झालं. मार्च १९६८ मध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला आलं. हॅरिसनचं बीटल्सच्या सिंगलवर आलेलं हे पहिलं गाणं. त्या छोट्या तबकडीच्या लेबलवर मुंबईच्या वादकांचा पत्ता नाही. त्याच माणसाने, त्याच शहरात, त्याच दिवसांत केलेलं काम, पण एका ठिकाणी नावं राहिली, दुसरीकडे गेली. यात कुणाचा दुष्टपणा होता असं मला वाटत नाही. लिहायला जागा होती तिथे लिहिलं गेलं, नव्हती तिथे राहून गेलं. इतिहासात बहुतेक माणसं अशीच गळतात, कुणी पुसलं म्हणून नाही, तर कुणी लिहिलं नाही म्हणून.

शाळेत आम्ही शिकवायचो, इतिहासाची साधनं तीन, लिखित, भौतिक आणि मौखिक. एल.पी.चं कव्हर हे लिखित साधनच. आता नातू मोबाईलवर गाणं लावतो तेव्हा तळहाताएवढं चित्र दिसतं, आणि त्याला मागची बाजूच नसते. साथीदारांची नावं हवी तर शोधत बसावं लागतं, आणि शोधतो कोण?

असो. माझी आपली एक विनंती. घरात जुन्या कॅसेटी असतील, गणेशोत्सवातल्या मेळ्यांचे, भजनी मंडळांचे फोटो असतील, तर त्यांच्या मागे नावं लिहून ठेवा. गाणाऱ्याचं राहतंच हो. टाळ वाजवणाऱ्याचं आधी लिहा.